माळ्यावरचा भाताचा वास

आमच्या घरात भात हा आप्पांचा पदार्थ होता. आम्ही सगळे ज्वारीच्या भाकरीवर वाढलेले. भात व्हायचा तो सणावाराला किंवा कुणी आजारी पडलं तर. पण आप्पा टेम्पो चालवायचे, खर्ड्याच्या बाजूच्या गावांतून लिंबं आणि कांदे भरून नगरच्या मार्केटात नेऊन टाकायचे, आणि तिथल्या खानावळीत जेवून जेवून त्यांना भाताची चटक लागली होती. येताना ते कागदाच्या पुडीत आंबेमोहोर घेऊन यायचे. "तुझी आई भाताचा नुसता गोळा करती," असं मला म्हणत स्वतः चुलीपुढं बसायचे. गडीमाणूस चुलीपुढं बसलेला बघून शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या, आई रागावल्याचं सोंग करायची आणि आप्पा पातेल्यावरचं झाकण उचलून उगाचच पुन्हा पुन्हा वास घ्यायचे. तो वास घरभर पसरून दाराबाहेर यायचा. दिवे लागल्यावर बाहेरून येताना मला गल्लीच्या तोंडालाच कळायचं, आप्पा आलेत.

आप्पा गेले ते उन्हाळ्यात, माझी दहावीची परीक्षा संपल्यावर. नगरहून रिकामा टेम्पो घेऊन येताना वाटेत छातीत दुखायला लागलं. त्यांनी गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग मान टाकली, असं त्यांना घरी आणणाऱ्यांनी सांगितलं. आईला त्या हँडब्रेकचंच फार वाटत राहिलं. मरतानाही माणसानं गाडीची काळजी केली, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

दहाव्याला ओढ्यावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. चांगले बाभळीवर बसलेले होते कावळे, ओरडत होते, पण खाली एक उतरेना. ऊन चढत चाललं. मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणं एकेकजण पुढं होऊन हात जोडून मेलेल्या माणसाला शब्द द्यायला लागला. तात्या म्हणजे माझे चुलते, आप्पांच्या पाठचे, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. ते म्हणाले, "दादा, वैनीला अंतर देनार न्हाई." कावळा आला नाही. "दादा, शेताच्या बांधावरनं मी कदी वाद घालनार न्हाई." तरी नाही. मग तात्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "दादा, सुमीचं लगीन वर्साच्या आत लावून देतो." आणि कावळा उतरला. एक नाही, दोन उतरले. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. सगळ्यांना मोकळं वाटलं. मी मात्र तिथंच उन्हात उभी राहिले आणि मला थंडी वाजायला लागली.

त्याचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. परीक्षेच्या आधी मी एकदा आप्पांबरोबर टेम्पोत बसून नगरला गेले होते. वाटेत ते म्हणाले होते, "पास झालीस की तुला नगरला कालेजात घालतो. केडगावला मावशीकडं राहा. तुझ्या आईचं मी बघतो." हे ऐकायला मी होते आणि मागं कांद्याची पोती होती. आता माझ्या शब्दाला कोण विचारणार? आणि त्याहून वाईट म्हणजे, कावळा तर साऱ्या गावादेखत शिवला होता. आप्पांनी मरताना मन बदललं असेल का, या विचारानं माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

निकाल लागला. मी चांगल्या मार्कांनी पास झाले. आईच्या मनात काय आलं कोण जाणे, एका संध्याकाळी ती अंगणात तात्यांना म्हणाली, "भावजी, पोरगी हुशार हाय. यंदा कालेजात घालू का तिला? लगीन काय, पुढंबी हुईल." तात्या काही बोलायच्या आत घरातून, वरून, दाणकन आवाज आला. माळ्यावर काहीतरी जड पडलं होतं. मग कुणीतरी सावकाश चालत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. फळ्या करकरल्या, फटींतून माती खाली पडली. तात्यांच्या हातातली विडी तशीच राहिली.

आमचं घर पत्र्याचं. पत्र्याखाली फळ्या टाकून केलेला माळा, त्यावर शेंगांची पोती, गोवऱ्या, मोडकी तिफण आणि टेम्पोच्या जुन्या ताडपत्र्या. वर जायला घरातूनच शिडी. दुसऱ्या दिवशी तात्या म्हणाले, उंदीर असतील. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, उंदीर असा पाय टाकत चालतो का? मग घूस ठरली, मग बोका ठरला. तात्यांनी दुपारी बॅटरी घेऊन शिडीवरून डोकं वर काढलं, इकडंतिकडं झोत टाकला आणि लगेच खाली आले. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. आईनं विचारलं, "काय हाय?" ते म्हणाले, "काय न्हाई." मग खाली बसले, पाणी मागितलं आणि कुणाकडंच न बघता म्हणाले, "वर भाताचा वास येतोय."

त्या दिवशी आमच्याकडं चूलही पेटलेली नव्हती. आई शिडीच्या तीन-चार पायऱ्या चढली आणि तिथंच थांबली. मीही तिच्या मागं चढले. वास होता. तोच, आंबेमोहोर शिजत आला की येतो तो, जरा उग्र पण तोच. आईनं शिडीला कपाळ टेकवलं. तात्यांनी खालून माळ्याकडं बघून हात जोडले आणि म्हणाले, "दादा, बोललेलं मोडनार न्हाई. घरच्यांना तरास दिऊ नगं."

आज मला सगळं ठाऊक आहे. परवा आमच्या केडगावच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबानं असाच गोंधळ घातला होता. पीओपीच्या वर काहीतरी चालतंय, बासमतीसारखा वास येतोय म्हणून बाई घाबरून खाली आली. तिच्या मुलीनं मोबाईलवर दोन मिनिटांत शोधून काढलं, वनखात्याला फोन लागला, माणसं आली, बघून गेली. मीही खुर्ची टाकून त्यांच्यात बसले होते आणि मला आपल्या मनाचं हसू येत होतं. वासाचं नाव ऐकलं आणि इतक्या वर्षांनी माझ्या तळहाताला घाम सुटला. भीतीला वय नसतं बहुतेक. निदान माझ्या भीतीला तरी नाही.

त्या दिवसांत भीतीनं आमच्या घराची सगळी वहिवाट बदलली. दिवेलागण झाली की आई मला माळ्याखालच्या खोलीत जाऊ देईना. जेवणं अंगणात व्हायला लागली. आम्ही हळू बोलायचो, कॉलेजचा शब्द तर तोंडातूनच काढायचा नाही. आणि नेमका दिवा लावायच्या वेळेला वर हालचाल सुरू व्हायची. आधी अंग झाडल्यासारखा आवाज, मग पावलं, मग पत्र्यावर नखं ओढल्यासारखं काहीतरी, आणि शांत. पहाटे पुन्हा पावलं. आप्पा पहाटेच टेम्पो घेऊन निघायचे आणि दिवेलागणीला परतायचे. वेळा उलट्या होत्या, पण आमच्या पाचावर धारण बसलेली, एवढा विचार कोण करतो? काकू म्हणाली, "वरचं समदं उलटंच आसतं."

काकूनंच ताटाचं काढलं. अमावास्येला दहीभाताचं ताट माळ्यावर ठेवायचं. आईनं आंबेमोहोर आणवला, आंघोळ करून ओलेत्यानं शिजवला आणि शिडीवर उभी राहून, आत न बघता, ताट पुढं सारलं. सकाळी ताट चाटूनपुसून लख्ख होतं. एक शीत उरलेलं नव्हतं. आई ते ताट हातात घेऊन उभी होती. मला वाटलं ती किंचाळेल. पण तिच्या तोंडावर भीती होती तशी आणखीही काहीतरी होतं, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली. तिला बरं वाटत होतं. त्यानंतर तिनं अमावास्येची वाट बघितली नाही. दर दोन-तीन दिवसांनी ताट वर जायला लागलं. आम्ही दोघी खाली भाकरी खायचो आणि वर भात जायचा.

तात्या वाईट माणूस नव्हते, हे मला इथं सांगितलंच पाहिजे. त्यांची माझ्याइतकीच घाबरगुंडी उडाली होती. भावाला दिलेला शब्द आपल्यामुळं अडकला म्हणून तो घरात फिरतोय, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. त्यांनी धावपळ करून संगमनेरकडचं एक स्थळ आणलं. मुलगा शुगर फॅक्टरीत होता, शेत पाण्याचं, बागायती. "तुळशीचं लगीन झालं की बार उडवू," तात्या म्हणाले. पाहुणे बघायला येणार असल्याचा निरोप आला तेव्हा कॉलेजची प्रवेशाची मुदत संपायला थोडेच दिवस राहिले होते. केडगावहून मावशीचा सांगावा आला होता, पोरगी कधी धाडताय म्हणून. आईनं त्याला उत्तरच दिलं नव्हतं. मी आईला म्हटलं, "आई, आप्पा मला कालेजात घालनार व्हते. टेम्पोत मला बोलले व्हते, दुसरं कुनी नव्हतं, मागं कांदं व्हतं." आईनं वर बोट केलं आणि म्हणाली, "मग ते वर का हायेत?"

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, आई काकूकडं कपबशा मागायला गेली. मी घरात एकटी होते. त्या दिवसांतल्या इतर कितीतरी गोष्टी मी विसरले, पण शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला ते मला स्वच्छ आठवतं. मी काही शूर वगैरे नव्हते. मला झुरळाची भीती वाटायची, अजूनही वाटते. पण उद्या पाहुणे येणार, मग नारळ, मग सुपारी, आणि मग विचारायला जागाच राहणार नव्हती. मला आप्पांना विचारायचं होतं. बस, एवढंच. ते वर आहेत असं सगळे म्हणत होते, तर मग त्यांनाच विचारू.

वर पत्रा तापलेला होता. वास इतका दाट की घशात बसला. पोत्यांमागं काळोख होता, पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधल्या एका भोकातून थोडा उजेड येत होता. मी फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी म्हटलं, "आप्पा, मी सुमी." काहीतरी हललं. ताडपत्री सरकल्याचा आवाज आला आणि थांबला. मला श्वास ऐकू येत होता, आणि तो माझा नव्हता. मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. "आप्पा, तुमीच म्हनला हुता ना, कालेजात घालतो म्हनून? मग कावळा कशापायी धाडला? तुमाला माझं लगीन करायचंय का? खरं सांगा."

ताडपत्रीच्या घडीतून गुरगुर आली. हलकी, लांबलचक, दातांतून काढलेली. आणि मग दोन डोळे चमकले. मी तिथून पडले कशी नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पळायला पायच नव्हते, म्हणून मी बघत राहिले, आणि बघता बघता काळोखातून एक तोंड वेगळं झालं. मांजराहून लांबट, काळं, डोळ्यांखाली पांढुरके डाग. अंग राखाडी, शेपूट अंगाएवढी लांब. आणि पोटाशी पिलं. डोळे नीट न उघडलेली, एकमेकांच्या अंगावर चढून दूध पिणारी पिलं. त्यांच्या पलीकडं कोपऱ्यात जांभळाच्या आणि शिंदीच्या बिया मिसळलेल्या विष्ठेचा ढीग होता, आणि एका पोत्याला कोरून शेंगांची फोलपटं पसरली होती.

भीती गेली असं म्हणेन तर ते खोटं ठरेल. भीती होतीच, ते जनावर दात दाखवत होतं. पण आधी मला राग आला, इतका राग की रडू आलं. एवढा जीव मुठीत धरून मी विचारायला आले आणि वर आप्पा नव्हतेच. मी खाली उतरले आणि शेवटच्या पायरीवर बसून राहिले.

आई कपबशांची टोपली घेऊन आत आली. मी म्हटलं, "आई, वर आप्पा न्हाईत. जनावर हाय. पिलं घातल्यात." तिनं टोपली खाली ठेवली. मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण तिनं नऊवारीचा काष्टा घट्ट केला, चुलीजवळची चिमणी पेटवली आणि शिडी चढून गेली. ती वर बराच वेळ होती. वरून गुरगुर ऐकू आली, मग तीही थांबली. मी खालून हाका मारत होते, ती ओ देईना. उतरली तेव्हा तिच्या केसांत जळमटं होती. "उद हाय," ती म्हणाली. "मसन्याउद म्हंत्यात त्यो. वास त्याच्याच अंगाचा हाय. भात बी त्यानंच खाल्ला." मग जरा थांबून म्हणाली, "बाळंतीण हाय ती."

तात्या आले, काकू आली. उदमांजराला आमच्याकडं मसण्याउद म्हणतात. ते मसणात राहतं, मढी उकरतं अशी लोकांची समजूत. त्यामुळं तात्यांना उलट बळच आलं. "वैनी, मसन्याउद म्हंजे मसनातनंच आलं की. दादानंच धाडलं आसंल."

आई म्हणाली, "पिलं घालायला आलंय ते, भावजी. तुमाला मला धाक घालायला न्हाई. पाव्हन्यांना निरोप धाडा, उद्या येऊ नका म्हनावं."

"आन् कावळा शिवला त्याचं काय? साऱ्या गावानं बगितला."

"इतकं दिस मी मांजराला नवरा समजून भात चारला," आई म्हणाली. "आता कावळ्याचं काय धरून बसू? पोरगी खोटं बोलत न्हाई. तिला तिच्या बापानं कालेजात घालतो म्हनून सांगितलं व्हतं. कांदं ऐकत व्हतं म्हनून का खोटं हुतंय?"

तात्या शिडीकडं बघत म्हणाले, "मला लई भ्या वाटतंय, वैनी." आई म्हणाली, "मलाबी." आणि तेवढ्यावर ते उठले, निरोप द्यायला माणूस बघतो म्हणाले. काकू मात्र बाहेर जाता जाता उंबऱ्याला हात लावून, तो हात कपाळाला लावून गेली.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मिरच्यांची धुरी करून त्याला हुसकायचं ठरवलं. घमेल्यात निखारेही काढले होते. आईनं त्या निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. बाळंतिणीला धुरी द्यायची ती ओव्या-शेपाची, मिरच्यांची नाही, असं म्हणाली, आणि ते थट्टेत म्हणाली की खरंच, हे मला तेव्हाही कळलं नाही. आम्ही ताट बंद केलं. दिवसा माळ्यावर रेडिओ लावून ठेवायला लागलो आणि दिवेलागणीला शिडीच्या तोंडाशी कंदील. तिला तिथं करमू द्यायचं नाही, पण हातही लावायचा नाही. आवाज होतेच, पावलं होतीच, आणि खरं सांगते, जनावर आहे हे कळूनही दिवे लागले की माझ्या छातीत धडधडायचंच. एका संध्याकाळी आई मला अंगणात ओढून घेऊन गेली. पत्र्याच्या भोकातून ती बाहेर पडत होती, तोंडात एक पिलू, मानेला धरलेलं. भिंतीवरून, तात्यांच्या पत्र्यावरून, शेवग्याच्या फांदीवरून ती अंधारात गेली. पुन्हा आली. दुसरं नेलं. सगळी नेईपर्यंत आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो, एकमेकींचा हात धरून. नंतर ती आली नाही.

सकाळी तात्यांनी भोकावर पत्रा ठोकला. ठोकताना माळाभर आवाज घुमला. प्रवेशाची मुदत संपायच्या आत, दुसऱ्याच दिवशी मी केडगावला निघायचं ठरलं होतं, माझी पिशवी भरून दाराशी होती. त्या संध्याकाळी आम्ही कितीतरी आठवड्यांनी घरात जेवायला बसलो, माळ्याखाली. दिवा लागला. वर काही हललं नाही. माती पडली नाही. कसलाच वास आला नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी दोन भाकरी खाल्ल्या. मान वर केली तर आईचा घास हातातच होता आणि ती फळ्यांकडं बघत होती.

"सुमे," ती म्हणाली, "ते वर न्हाईत, तर मग आता कुठं हायेत गं?"

तिनं घास ताटात ठेवला आणि रडायला लागली. दहाव्याला, तेराव्याला, एकदाही ती रडली नव्हती.